पावाच्या गाडीतलं बिऱ्हाड

रात्री तिला काही झालं, तर कुणाला कळणार? माझी मुलगी गाडीत राहायला लागल्यापासून हा प्रश्न माझ्या उशाशी बसून आहे. ताप चढला, पोटात कळ आली, कुणी दारावर थाप मारली, तर ती हाक कुणाला मारणार? शेजारी म्हणावं तर कधी झाड, कधी एखाद्या गोदामाची भिंत. दिवसा मी पुष्कळ समजूतदार असते. दिवेलागणी झाली की माझी समजूत चपला घालून बाहेर पडते ती थेट सकाळीच परत येते.

घरात आम्ही तिला खारू म्हणतो. लहानपणी ती खारीसारखी मिळेल ती वस्तू मिळेल त्या बिळात दडवायची. बुटात पेन्सिली, पिठाच्या डब्यात गोट्या. पुढे यंत्रांचं शिकली आणि दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागली. ती खुर्ची म्हणजे एक छोटा कारखानाच असतो: खाली पंप, आत हवेच्या आणि पाण्याच्या नळ्या, वर दिवा. ती मधेच अडकली की पेशंट तोंड उघडून आडवा आणि डॉक्टर हात चोळत उभा. माझ्या जाऊबाई मात्र अजून चारचौघांत सांगतात, "आमची पुतणी खुर्च्या ठोकते." लोकांना वाटतं, सुतार असेल.

लहान गावांतल्या खुर्च्या बघायला कुणी जात नाही, म्हणून ते काम खारूकडे आलं. आज या लॉजवर, उद्या त्या लॉजवर. शहरात भाड्याची खोली होती, पण तिथे तिच्यापेक्षा पालीच जास्त नांदत होत्या. मग एका बंद पडलेल्या बेकरीची पावाची गाडी तिला विकत मिळाली आणि एका रविवारी ती गाडी आमच्या दारात उभी राहिली. उंच, चौकोनी, पांढरी. एका बाजूला गव्हाच्या ओंबीचं पुसट चित्र.

"आई, घर घेतलं," खारू म्हणाली.

"कुठे?"

"हे काय, समोर."

मी मटकन पायरीवर बसले. हे मात्र टेप घेऊन आत शिरले. आमच्या ह्यांना कपाटं करायची भारी हौस, आणि घरातल्या भिंती केव्हाच संपल्या होत्या. बापलेकींनी मिळून मागे पलंग केला, पलंगाखाली हत्यारांचे खण, मधे शेगडी आणि हाताएवढं बेसिन, दारामागे डबा-संडास. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," हे कौतुकाने म्हणाले. मी म्हटलं, "विंचवाला आई नसते रात्रभर जागायला."

यंदा आमच्याच इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. घरमालकीणबाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीसाठी महिनाअखेरपर्यंत थांबते, मग दुसऱ्या कुणाला देईन." मला हर्ष झाला. खारूशी भांडायच्या तयारीनेच मी फोन केला, तर ती भांडलीच नाही.

"आई, तू एक आठवडा माझ्याबरोबर गाडीत राहा. मग तू म्हणशील ते. खोल्या घे म्हणालीस, तर गाडी विकते."

"शब्द देतेस?"

"दिला."

हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "बघ हं, आता निकाल तुझ्या हातात आहे. न्यायाधीशबाई, स्वतःची उशी घेऊन जा."

मी गेले ती निकाल खिशात घालूनच गेले होते, हे इथे सांगायला हरकत नाही.

पहिल्याच दिवशी कळलं, चाकांवरच्या घरात मोकळेपणाच्याही आधी कड्या येतात. गाडी हलायच्या आधी प्रत्येक खणाला, दाराला, डब्याला कडी. खारू चावी फिरवण्याआधी मोठ्याने विचारायची, "कड्या?" आणि मी मागून ओरडायचं, "लावल्या!" एकदा मी अंड्यांच्या खणाची कडी विसरले आणि पहिल्याच वळणावर रात्रीच्या जेवणाचा बेत बदलला. पाणी टाकीतलं, म्हणून भांडी घासताना नळ बोटभर धारेवर. आंघोळ म्हणजे दोन तांबे आणि भरपूर श्रद्धा. संडासाचा डबा दर दोन-तीन दिवसांनी, जिथे सोय असेल तिथे जाऊन, स्वतःच्या हाताने रिकामा करायचा. ते काम खारू शीळ घालत करायची.

"तुला किळस नाही येत?"

"तू माझे लंगोट धुतलेस तेव्हा शीळ घालत होतीस का?"

"मला शीळ येत नाही."

"मग मी तुझ्या पुढे गेले की."

जागा शोधणं हे सगळ्यात मोठं काम. जमीन सपाट हवी, नाहीतर झोपेत डोकं खाली आणि पाय वर. एका ठिकाणी तिने चाकांखाली लाकडाच्या पाचरी घातल्या, ताटलीत गोटी ठेवली, गोटी हलेना तेव्हा म्हणाली, "झालं घर." दुसऱ्या ठिकाणी आम्ही भात शिजत घातला आणि रखवालदार आला. इथे उभं राहता येणार नाही म्हणाला. अर्धा शिजलेला भात मांडीवर घेऊन मी पुढच्या सीटवर बसले. मनात म्हटलं, चला, निकाल आपल्या बाजूने लागतोय.

पण दुसरीही बाजू होती, ती न सांगणं बरं नाही. सकाळी ती एखाद्या दवाखान्यात जायची, खुर्चीखाली आडवी पडून काम करायची, दुपारपर्यंत मोकळी. मग आम्ही तळ्याकाठी. मागचं दार उघडलं की पलंगावरूनच पाणी दिसायचं. ती पोहायला जायची, मी पाय सोडून मटार सोलत बसायचे. उन्हाने पत्रा तापला की गाडीला अजून पावाचा वास येतो. खारू ओल्या केसांनी येऊन नुसती बसायची. लॉजच्या दिवसांत ती घरी आली की तिच्या कपाळाला दोन आठ्या असायच्या. त्या मला सापडेनात. पण रात्री तिचा श्वास ऐकत मी जागीच. मी आज आहे, म्हणून ठीक. मी नसते तेव्हा कोण?

मग तो पेट्रोलपंप.

आम्ही पहाटे निघालो होतो. मला गाडी लागते, म्हणून वाटेत थांबून खारूने मला मागे पलंगावर झोपायला लावलं आणि सावकाश चालवीन म्हणाली. पंपावर ती डिझेल आणि टाकीत पाणी भरायला उतरली. मला जाग आली. पंपाच्या स्वच्छतागृहात जाऊन यावं म्हणून मी बाजूच्या दाराने उतरले. पण रिकामं अंथरूण उघडं टाकायचं नाही ही माझी जन्माची सवय. मी उशा नीट लावल्या आणि त्यांच्यावरून पांघरूण छान ओढून घेतलं.

पुढचं खारूने नंतर सांगितलं. तिने पडदा बाजूला करून बघितलं, पांघरुणाखाली उंचवटा दिसला, हळूच "झोप गं" म्हणाली आणि निघाली. त्या दिवशी "कड्या?" हेसुद्धा तिने मला जाग येऊ नये म्हणून विचारलं नाही.

मी बाहेर आले तर घर नाही! घराच्या जागी पाण्याचं थारोळं. माझा मोबाइल घरात, चष्मा घरात, पायांत खारूच्या दोन नंबर मोठ्या सपाता.

काउंटरवरची मुलगी चांगली होती. म्हणाली, "मावशी, नंबर सांगा, मी लावते." खारूचा नंबर मला कधी पाठ करावाच लागला नाही, नावावर बोट ठेवलं की झालं. ह्यांचा पाठ होता. लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला, तेच. अनोळखी नंबर उचलायचा नाही, फसवणूक करणारे असतात, हे मीच ह्यांना घोकून घोकून शिकवलं आहे. आयुष्यात ह्यांनी माझं ऐकलं ते नेमकं या बाबतीत!

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात मागून आवाज आला, "कसली गाडी होती ताई?"

माझ्याच वयाची एक बाई, हातात पाण्याचा पाइप. तिच्यामागे निळी जुनी बस, खिडकीत पडदे आणि पडद्यामागे एक मांजर.

"पांढरी. जुनी पावाची. बाजूला गव्हाचं चित्र—"

"अहो, ओंबीची गाडी! तुम्ही ओंबीच्या आई?" तिने बसकडे बघून हाक मारली, "ऐकलं का? ओंबी आईला विसरून गेली!"

बसमधून दाढीवाला नवरा उतरला. हा पूर्वी पोस्टमन होता, असं नंतर कळलं. म्हणाला, "पार्सल परत पाठवावं लागणार म्हणजे."

माझ्या पोरीला रस्त्यावर दुसरं नाव आहे, हे मला त्या पंपावर कळलं. बाईने फोन काढला आणि बोलता बोलता त्यावर सगळ्यांना निरोप लिहिला. त्यांचा एक गट आहे, म्हणाली, गाड्यांत राहणाऱ्यांचा. कुणी भांडी विकतं, कुणी मधमाश्यांच्या पेट्या घेऊन फिरतं, कुणी नुसतंच निवृत्त. रोज संध्याकाळी गाडी जिथे उभी राहील तिथून प्रत्येकाने गटावर एक शब्द टाकायचा: "टेकलो" किंवा "टेकले". आणि सोबत जागा.

"आणि कुणी टाकलाच नाही तर?" मी विचारलं.

"मग जो सगळ्यात जवळ असेल तो जातो बघायला. बहुतेक वेळा फोन बंद पडलेला असतो, नाहीतर भांडण झालेलं असतं. थंडीत ओंबीचं आलं नाही, तेव्हा आम्ही गेलो. तापाने फणफणली होती. चार रात्री बस शेजारी लावून राहिलो. हे सूप करायचे आणि ती म्हणायची, काका, यात मीठ विसरलात." मग माझा चेहरा बघून ती थबकली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. त्या चार रात्रींत खारूने मला रोज फोन केला होता. "घसा बसलाय जरा," म्हणाली होती.

आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग त्या बाईने माझ्या हातात चहाचा कप दिला. त्या कपाकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं, मी ज्या प्रश्नाला उशाशी घेऊन झोपत होते त्याचं उत्तर इथे पाण्याचा पाइप हातात धरून उभं आहे. किती तरी दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला.

फोन वाजायला लागला. एका टायरवाल्याने लिहिलं, "मी घाटाखाली आहे, इकडून जाताना दिसली तर अडवतो." दुसरीने विचारलं, "आईंनी काही खाल्लंय का?" थोड्या वेळाने त्याच टायरवाल्याचा निरोप आला: लाल टॉवेल हलवून गाडी थांबवली, ओंबी म्हणते आई मागे पलंगावर आहे, बघ म्हटलं, बघितलं, आता रडते आहे, परत पाठवतोय.

खारू आली ती धावतच आली. मला मिठी मारून रडली, मग हसली, मग ओरडली.

"आई! उशांना कुणी पांघरूण घालतं का?"

"अंथरूण उघडं टाकू नये."

"मला वाटलं तुला जाग आली असेल, मी त्या उशांशी गप्पा मारत होते! निम्म्या वाटेपर्यंत!"

"काय सांगितलंस?"

"तुझ्याच चुका सांगत होते. म्हटलं, आज उलटून बोलत नाही, बरं वाटत नसेल."

पोस्टमन म्हणाला, "पुढच्या वेळी सही घेऊन सोडत जा."

दुपारी गाडीत दोघीच असताना मी तापाचं विचारलं. ती स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिली.

"सांगितलं असतं तर तू मिळेल त्या गाडीने आली असतीस."

"आले असते."

"आणि मला बरोबर घेऊनच गेली असतीस."

तसंच झालं असतं. मी म्हटलं, "पुढच्या वेळी सांग. मी येईन, सूपात मीठ घालीन आणि परत जाईन."

"नक्की परत जाशील?"

"बघू."

उरलेल्या संध्याकाळी मी तिच्या शेजारी बसून "टेकले" लिहिताना बघत होते. मग एकेकाचे टेकल्याचे शब्द येत. भांडीवाला टेकला, मधमाश्यावाली टेकली, निळी बस टेकली. पंपाच्या दिवशी रात्रीच मी झोपले. इतकी झोपले, की सकाळी खारूनेच नाकाशी बोट धरून बघितलं म्हणे.

आज संध्याकाळी तिने मला दारात सोडलं. गावाबाहेरच्या मैदानावर मुक्काम आहे, उद्या सकाळी एका दवाखान्यात काम. जाताना खिडकीतून म्हणाली, "मग? निकाल?" मी म्हटलं, "उद्या सांगते." ती हसली, पण नीट हसली नाही. गाडीच्या त्या कपाटांवरून तिने एकदा मागे नजर टाकली, ती मी बघितली.

हे जेवून उठले. हात धुताना एवढंच म्हणाले, "घरमालकीणबाई विचारत होत्या." आता हे घोरत आहेत आणि मी दिव्याखाली हे लिहिते आहे. काळजी संपली असं मी म्हणणार नाही. रस्ते आहेत, पाऊस आहे, उतारावरचे ब्रेक आहेत. पण ते सगळं तळमजल्यावर राहून रोज बसने कामाला जाणाऱ्या मुलीच्या वाटेलाही असतं. ती एकटी आहे, ही जी माझी खात्री होती, ती मात्र गेली. आणि ती गेल्यावर त्या दोन खोल्या नक्की कुणासाठी हव्या होत्या, हे मला स्पष्ट दिसतं आहे.

खारू पहाटे उठते, चहा करते, मग एकेक कडी लावत पुढे येते. घरमालकीणबाईंना सांगायला दिवसभर आहे. पहिला फोन तिला. चावी फिरवायच्या आधी मी तिला फोन करणार आहे आणि सांगणार आहे की गाडी विकायची नाही.