साहेबांचा वाफा

रोपवाटिकेतल्या मावशीने बावीस वर्षांत अकरा साहेब पाहिले. डोंगरावर फिरती शेती करणाऱ्या लोकांना एका जागी बसवायचं, हे त्या प्रत्येकाचं काम, आणि प्रत्येक जण दोन-तीन वर्षांत स्वतःच बदलून दुसरीकडे जायचा. डोंगरावरचे लोक दहा वर्षांनी का होईना, त्याच उतारावर परत येत. गेलेला साहेब मात्र एकही परत आला नाही. "आता फिरतं कोण, ते तुम्हीच सांगा," असं मावशी झारीने पाणी घालता घालता रोपांना विचारायची. रोपं शहाणी असतात, ती उत्तर देत नाहीत.

मावशी मूळची त्या डोंगरावरचीच. तिच्या सासरची माणसं एक उतार साफ करायची, वाळलेली झुडपं जाळायची, त्या राखेत दोन-तीन वर्षं पीक घ्यायची आणि मग तो उतार दहा वर्षं निजू द्यायची. झाड तोडलं तरी बुंधा गुडघ्याएवढा ठेवायचा, म्हणजे ते पुन्हा फुटतं, एवढी अक्कल तिथल्या पोरासोरांनाही होती. नवरा तापाने गेला तेव्हा मावशी खाली आली, रोपवाटिकेत रोजंदारीवर लागली आणि तिथलीच होऊन गेली. हिरव्या जाळीखाली चाळीस वाफे, सिमेंटची टाकी, पत्र्याची खोली, खोलीत एक टेबल आणि टेबलावर साहेबांसाठी एक भेटवही. माती चाळणं, पिशव्या भरणं, बी भिजत घालणं, सगळं तिच्या हातचं.

तिचा एक हट्ट होता. कुठे लावणार, ऊन किती, पाणी कोण घालणार, हे विचारल्याशिवाय ती रोप देत नसे. मुलगी देताना करतात तशी चौकशी. एकदा सहाव्या साहेबांनी कुठल्याशा समारंभासाठी शंभर रोपं मागितली, तर हिने विचारलं, "पाहुणे गेल्यावर पाणी कोण घालणार?" साहेब हात हलवत परत गेले. मरायला म्हणून एक रोप या फाटकातून बाहेर गेलेलं नाही, असं ती सगळ्यांना ऐकवायची, आणि ते खरं होतं.

मग दहावे साहेब आले. ऊन असो नसो, डोक्यावर टोपी, म्हणून सगळे त्यांना टोपीवाले साहेब म्हणत. त्यांनी नवी योजना आणली. कुटुंबाने एकाच उतारावर तीन वर्षं राहायचं, बांबू आणि फणस लावायचे, फणसावर मिरीचे वेल चढवायचे. तीन वर्षांनी तपासणी. झाडं जगलेली दिसली की त्या उताराचा हक्काचा कागद मिळणार. मग बांबू तोडा, मिरी विका, तुम्हाला कुणी उठवणार नाही. बदल्यात जुने निजलेले उतार साहेबांच्या खात्याकडे द्यायचे, त्यांना कुंपण पडणार. योजना वाईट नव्हती. मावशीचा राग योजनेवर कधीच नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं.

पण डोंगरावर साहेबाच्या शब्दाला विचारतो कोण? तिथे शब्द चालायचा तो तिच्या थोरल्या दिरांचा. कोणत्या वर्षी कोणता उतार, हा तेरा घरांचा सगळा हिशोब त्यांच्या डोक्यात असे. ते तीनदा नाही म्हणाले. चौथ्यांदा मावशी स्वतः चढून गेली.

"भाऊजी, तीन वर्षं बसा. कागद मिळेल."

"कोण देणार? टोपी?"

"मी सांगतेय ना."

ते बराच वेळ कोयत्याला धार लावत राहिले. मग म्हणाले, "बरं, धाकटे. टोपीसाठी नाही, तुझ्या शब्दासाठी बसतो. उद्या तोंडघशी पडलो, तर तेरा घरं घेऊन तुझ्या जाळीखाली राहायला येईन."

"आणि मी हिच्या टाकीत कपडे धुईन," जाऊबाई आतून म्हणाल्या.

लागवडीच्या दिवशी मावशी एक वाक्य बोलून गेली, आणि पुढचं सगळं त्या वाक्याने केलं. खात्याचा नियम असा, की दोरी ताणायची आणि दर तीन मीटरला खड्डा घ्यायचा. दोरी ताणली तर तिसरा खड्डा खडकावर, पाचवा ओढ्यात. मावशी म्हणाली, "गुंडाळा ती दोरी. तुम्हाला ठाऊक आहे तसं लावा." टोपीवाले साहेब शेजारीच उभे होते. "हो हो, लावू दे," असं म्हणून त्यांनी मानही डोलावली.

लोकांनी तसं लावलं. बांबू ओलीच्या कडेने, फणस जुन्या बुंध्यांच्या आडोशाला, जिथे मुळांनी माती धरून ठेवली आहे तिथे. मिरीला सावली. तीन वर्षांत शंभरातली नव्वद झाडं जगली. समोरच्या टेकडीवर खात्याने दोरी ताणून सरळ रांगांत लावलेल्यांतली तीससुद्धा उरली नव्हती. मावशी येता-जाता आपल्या माणसांचा उतार बघायची आणि तिला मूठभर मांस चढायचं.

तेवढ्यात टोपीवाल्या साहेबांची बदली झाली. तपासणीला अकरावे आले. तरुण, सरळ स्वभावाचे, नाकावरून सारखा चष्मा घसरणारे. घामाघूम होऊन उतार चढले आणि झाडं बघून खूश झाले.

"वा मावशी! जंगलच उभं केलंत की!" त्यांनी छापील तक्ता उघडला. "पहिली रांग कुठली?"

"रांग नाही, साहेब."

"म्हणजे?"

"झाडं आहेत."

"ती दिसतायत हो मला. पण इथे लिहायचंय, रांग एक, झाड एक ते बारा. अशा पाच रांगा मोजायच्या. नमुना पट्टी म्हणतात तिला. रांगच नाही तर मी लिहू काय?"

"शंभरात नव्वद जगली, असं लिहा."

"तसा रकाना नाही."

त्या तक्त्याचे तुकडे करून खताच्या खड्ड्यात घालावेत, असं मावशीला वाटलं. निदान खत तरी झालं असतं. "टोपीवाल्या साहेबांनी हो म्हटलं होतं," ती म्हणाली.

"लेखी आहे?"

ती तशीच उतार उतरून रोपवाटिकेत गेली. साहेब मागून धापा टाकत आले. तिने भेटवही काढली, त्या दिवसाचं पान शोधलं. टोपीवाल्या साहेबांचं अक्षर मोठं वळणदार होतं. लिहिलं होतं, 'लागवडीस भेट दिली. योग्य त्या सूचना दिल्या.' खाली झोकदार सही. कोणत्या सूचना? त्या साहेबांबरोबरच बदलून गेल्या होत्या! मावशीने वही टेबलावर इतक्या जोरात आपटली की साहेबांचा चष्मा पुन्हा घसरला.

अकरावे साहेब वाईट नव्हते, हेच तर दुखणं होतं. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. ते खुर्चीवर बसले, त्यांनी चष्मा पुसला. "मावशी, नापास लिहिलं तर तेरा घरांना उठावं लागेल. जुन्या उतारांना कुंपण पडलंय. मग जातील कुठे? मलाही ते नकोय. वर विचारावं, तर उत्तर यायला वर्ष लागेल आणि मुदत आहे महिन्याची." मग त्यांनी आवाज खाली आणला. "नमुना पट्टी कुठे घ्यायची, हे तक्त्यात लिहिलेलं नाही. गाडी येते त्या वाटेला लागून पाच रांगा असल्या तर मी मोजीन. पंधरा दिवसांनी येतो. रोपं मात्र तीन वर्षांची हवीत, उंचीचा रकाना आहे."

"वाटेला खडक आहे, साहेब. वर वीतभर माती. उन्हाळ्यात एक जगणार नाही."

"तपासणी उन्हाळ्याच्या आधी आहे," साहेब म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

तीन वर्षांची रोपं रोपवाटिकेत होती, आणि ती होती जेमतेम साठ. डोंगरावरचा झरा आटत चालला होता. त्याच्या काठाला पूर्वी पाणी धरून ठेवणारं एका जातीचं झाड असायचं, त्याचं बी मावशीने दोन दिवस रान तुडवून गोळा केलं होतं. शंभर बियांतून सात-आठ उगवतात, असलं हट्टी बी. पिशव्या दोनदा मोठ्या केल्या, उन्हाळ्यात ओली गोणपाटं बांधली. यंदा पाऊस लागला की ती झऱ्यावर जायची होती. तक्त्यात जातीचा रकाना होता, पण त्यात 'इतर' चालत होतं.

मावशी डोंगरावर गेली आणि दिरांना सगळं सांगितलं. सांगताना तिची मान वर होत नव्हती.

"म्हणजे जगलेली मोजत नाहीत आणि मरणारी मोजतात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"साहेबाला हे कळतं?"

"कळतं, भाऊजी."

"मग?"

"रकाना नाही."

त्यांनी खाली रोपवाटिकेकडे पाहिलं. मग म्हणाले, "झऱ्याची रोपं ना ती? नको देऊस. आम्ही उठतो."

"कुठे जाल उठून?"

जाऊबाईंनी मात्र डोकं चालवलं. "पिशव्यांसकट पुरू. साहेब गेले की उचलून आणू."

"पिशवी काढली आहे का, असा रकाना आहे. दोन रोपं खणून बघतात," मावशी म्हणाली. अख्ख्या तक्त्यात तेवढा एकच रकाना कुणीतरी अक्कल वापरून केला होता.

चौथ्या दिवशी दीर आणि दोन पुतणे टोपल्या घेऊन आले. मावशीने साठही पिशव्या स्वतः उचलून फाटकाशी आणून ठेवल्या. दीर तिथेच थांबले.

"विचार ना," ते म्हणाले.

"काय?"

"कुठे लावणार ते. सगळ्यांना विचारतेस."

"चला, ऊन चढतंय," ती म्हणाली आणि पहिली टोपली तिने स्वतःच्या डोक्यावर घेतली.

दोरी तिनेच ताणली. पहारीने खडक फोडून तिनेच खड्डे केले, तीन-तीन मीटरवर, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. पिशव्या फाडताना मुळं सरळ खाली निघालेली दिसत होती, आणि खाली दगड होता. तिला रडू आलं नाही, संताप आला. साहेबावर, टोपीवर, तक्त्यावर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. त्या दिवशी 'तुम्हाला ठाऊक आहे तसं लावा' म्हणताना 'साहेब, हे लिहून द्या' असं म्हणायला तिला काय झालं होतं? बावीस वर्षं साहेबांत काढून तिला एवढं कळू नये?

पंधरा दिवसांनी अकरावे साहेब आले. गाडीतून उतरले, साठच्या साठ मोजली, दोन खणून पाहिली, उंची लिहिली. वरच्या हिरव्यागार उताराकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. शेरा लिहिला, 'उत्कृष्ट'.

तीन महिन्यांनी तेरा घरांना तेरा कागद मिळाले. जाऊबाईंनी आपला कागद पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवला आणि पेटीवर हात ठेवून त्या कितीतरी वेळ बसल्या. तेव्हा मावशीला पहिल्यांदा बरं वाटलं. येताना ती वाटेच्या कडेने आली. पाच सरळ रांगांत साठ काड्या उभ्या होत्या. तिने त्या एकेक करून उपटल्या आणि मोळी बांधून खाली आणली.

पण कागदाच्या पाठीमागे बारीक अक्षरात एक ओळ होती. पुढची तीन वर्षं दर वर्षी फेरतपासणी होईल, त्याच नमुना पट्टीची. मेलेल्या झाडांच्या जागी नवीन लावलेली चालतील, उंचीची अट नाही.

ही ओळ पुतण्याने वाचून दाखवली. मग दीर खाली आले आणि फाटकाबाहेरच उभे राहिले. "धाकटे," ते म्हणाले, "साठ रोपं बाजूला ठेवशील?" त्यांच्या तोंडून ते शब्द ऐकून मावशीला इतका राग आला की तिने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने टाकीशेजारी एकेचाळिसावा वाफा केला आणि फणसाच्या साठ बिया टोचल्या. बाकीच्या बायका त्याला साहेबांचा वाफा म्हणू लागल्या.

मरणारीच आहेत, तर यांना अर्धीच झारी पुरे, असं तिने ठरवलं होतं. पण हात ऐकत नव्हता. झारी रिकामी होईपर्यंत तो वाफा सोडत नव्हता. टाकीच्या गारव्याला तो वाफा असा तरारला की चाळीस वाफ्यांत तसा दुसरा नव्हता.

अकरावे साहेब बदलून गेले. बारावे आले, ठेंगणे आणि हौशी. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळी रोपवाटिका फिरून पाहिली आणि टाकीशेजारी येऊन थबकले.

"काय सुंदर रोपं आहेत हो, मावशी! ही कुठे लावणार?"

बावीस वर्षं जो प्रश्न ती सगळ्यांना विचारत आली होती, तो तिला कुणी विचारण्याची ही पहिलीच वेळ. मग झारी उचलून ती टाकीकडे पाणी भरायला गेली, आणि साहेब आत जाऊन भेटवहीत लिहीत बसले.