शिंगं असलेली हरणी

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही बसलेला नाही. मी व्हेटर्नरी डॉक्टर आहे. टेबलावर आलेलं जनावर मेलेलं असतं आणि मेलेलंच राहतं, एवढं मला कळतं. तरी हे लिहितेय...

माहेर सोलापूरचं, भवानी पेठेतलं. नोकरी सध्या नॉर्वेतल्या एका लॅबमध्ये. गेल्या हिवाळ्यात तिथल्या डोंगरातल्या रानटी रेनडिअरमध्ये एक रोग सापडला. मेंदूची चाळण होते, जनावर झिजत जातं आणि मरतं. औषध नाही. दुसऱ्या कळपांत पसरू नये म्हणून तो अख्खा कळपच मारायचं ठरलं. आमच्याकडे तपासायला डोकी यायची. रोग होता की नाही याची खात्री मेल्यावरच होते — आणि बहुतेक रिपोर्ट निगेटिव्ह यायचे. एकदा एक मादी अख्खी आली. गाभण होती. तीही निगेटिव्ह. मी सही केली आणि जेवायला गेले.

मार्चमध्ये सुट्टीवर आले तेव्हा मंगळवेढ्याजवळ मावशीच्या शेतावर गेले. मी कुठल्याशा लॅबमध्ये असते, एवढंच तिला ठाऊक. ज्वारी निघालेली, काळं रान मोकळं, भर दुपार. मी लिंबाखाली आडवी झाले होते, मावशी शेळ्यांना पाला टाकत होती. आणि आवाज आला. टिक... टिक... टिक.

रेनडिअर चालताना त्याच्या पायातली शीर हाडावरून सरकते, तिचा हा आवाज. तिकडच्या डोंगरात मी तो ऐकलाय. आपल्याकडच्या कुठल्याच जनावराचा नाही. उठून बसले. रानात काही नव्हतं. शेळ्या मात्र खायच्या थांबून एकीकडेच बघत होत्या.

"मावशी, काय वाजतंय गं?"

"त्या हरणीचं पाय," ती सहज म्हणाली. "बांधाजवळ उभी न्हाय का. लई थोराड हाय. आन् हरणीला कुटं शिंगं असत्यात व्हय? हिला हायत की, झाडाच्या फांदीगत."

"नर असेल."

"नर कसा आसंल? पिल्लू पितंय की तिला."

आपल्या हरणींना अशी शिंगं नसतात. रेनडिअरच्या मादीला असतात. मला बांध दिसत होता, त्यावरची बाभळ दिसत होती. बाकी काही नाही.

मग मी मावशीला सगळं सांगून टाकलं. डोकी, रिपोर्ट, पोटातलं पिल्लू. हातातला पाला खाली ठेवून तिनं ऐकलं.

"मारलं नसतं तर?"

"बाकीचे कळप गेले असते... कदाचित."

"मग तुजं काय चुकलं न्हाय." पाला परत उचलत म्हणाली, "पर तिचं बी काय चुकलं न्हवतं."

आवाज तोवर थांबला होता.

ऊन, प्रवासाचा शीण, अर्धवट झोप — माझ्यापुरतं मी काहीही मानायला तयार आहे. पण मावशीनं रेनडिअर कधी पाहिलेलंच नाही, मग ती शिंगं तिला कुठून दिसली? निघताना पाहिलं, तर ती घमेलंभर पाणी बांधाजवळ नेऊन ठेवत होती.

"पिल्लाला पाजती हाय ती. तहान लागत आसंल."

मी परत कामावर रुजू झालेय. मावशी फोनवर शेळ्यांचं सांगते, पावसाचं सांगते. घमेलं अजून ठेवते, हे तिच्या सुनेकडून कळलं. सकाळी त्यात पाणी उरतं का, हे मी विचारलेलं नाही. आणि मावशीही आपणहून कधी सांगत नाही.