दोन शायांची वही

आमच्या ह्यांनी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात माझी सही परत पाठवली. खोटं नाही सांगत. हे बँकेत होते, सह्या पडताळायच्या टेबलावर. मी पैसे काढायची स्लिप भरून खिडकीत दिली आणि दहा मिनिटांनी शिपाई ती परत घेऊन आला. वर लाल शाईत, ह्यांच्याच अक्षरात: ‘सही नमुन्याशी जुळत नाही.’ मी काचेतून बघतेय, तर हे मान खाली घालून पुढच्या स्लिपला लागलेले. संध्याकाळी मी भांडी आदळायला लागले, तर म्हणतात, "अगं, शेवटचं वळण बदललं होतंस. मी तरी काय करणार?" बोट कापलं होतं माझं. पट्टी सकाळी ह्यांनीच बांधली होती!

असा माणूस. एकतीस वर्षं त्या टेबलावर बसून दुसऱ्याच्या सहीत खोट शोधली, आणि निवृत्त झाल्यावर टेबल तेवढं सुटलं, खोट शोधणं काही सुटलं नाही. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, आणि जिना उतरल्यावर मला विचारायचं, "तू ओढून बघितलंस का?" घड्याळ दुरुस्त करून आणलं तर आठवडाभर रोज किती सेकंद मागे पडतं ते लिहून ठेवायचं. मी स्वतः टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. कोण खरं बोलतंय आणि कोण थापा मारतंय, ते मला आवाजावरून चटकन कळायचं. कागदावरचं खोटं मात्र त्यांचं खातं. त्यात मी कधी ढवळाढवळ केली नाही, आणि तिथेच माझं चुकलं.

दोन वर्षांपूर्वी ह्यांचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी एक मशीन घ्यायला लावलं. सकाळ-संध्याकाळ मोजा, कागदावर लिहा, महिन्याने दाखवा. मोजायचं काम ह्यांचं, गोळी द्यायचं माझं. सकाळी चहाआधी मी तळहातावर गोळी ठेवायची, हे ती दिव्याखाली धरून बघायचे, मग पाण्याबरोबर घ्यायचे. आजवर एकही चुकली नाही. मला वाटायचं, चला, एका तरी बाबतीत माणूस शहाण्यासारखा वागतोय.

त्याच सुमारास बँकेतल्या कॅशियरनं ह्यांना पोकरचा नाद लावला. कॉम्प्युटरवर खेळायचं, रविवारी दुपारी चारला. शे-दोनशे जण, सगळ्यांना सारख्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी सोंगट्या, ज्याच्या संपल्या तो बाहेर, शेवटी एक उरतो. प्रवेश फी सिनेमाच्या तिकिटाएवढी, म्हणून मी काही बोलले नाही. उलट बरं वाटलं. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले, पाच मधे उघडे, आणि समोरचा खरंच जोरात आहे की हूल देतोय, एवढंच ओळखायचं. म्हणजे ह्यांच्या आवडीचंच काम! पण कुठचं काय. दर रविवारी शेवटच्या वीस-पंचवीसपर्यंत पोचायचे आणि तिथे कुणीतरी ह्यांना उडवायचं. मग दोन दिवस तोंड एवढंसं.

ह्यांच्या अडुसष्टाव्या वाढदिवसाला लेकीनं सल्ला देणारं सॉफ्टवेअर आणून दिलं. "बाबा, स्पर्धा संपली की खेळलेले डाव ह्याला द्यायचे. कुठे चुकलात ते सांगतं. खेळताना नाही हं वापरायचं, ते नियमात बसत नाही."

हे चष्मा पुसत म्हणाले, "हा सल्ला फक्त मलाच देतो का?"

"नाही, कुणीही विकत घेऊ शकतं."

"म्हणजे माझ्यासमोर बसलेल्यालाही देत असणार. आणि मी माझे सगळे डाव ह्याला दिले, की माझ्या खोडी ह्याला कळणार. बरोबर?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

डाव आपोआप पाठवायची सोय होती, ती ह्यांनी पहिल्याच दिवशी बंद करून टाकली. मी स्वतः टाइप करणार, म्हणाले. एक जाड वही आणली आणि सोमवारी सकाळी दार लोटून बसायला लागले. मधूनच आतून पुटपुटणं ऐकू यायचं. "आता सांग. आता काय म्हणतोस?" मी दाराला कान लावला, हे कबूल करते. चाळीस वर्षांच्या संसारात कधी परक्या बाईचा संशय आला नाही, आणि आता एका सॉफ्टवेअरवरून मी दाराशी घिरट्या घालायला लागले.

गंमत म्हणजे तो सल्लागार ह्यांना सारखा एकच गोष्ट सांगायचा. तुम्ही फार भिता. समोरच्यानं मोठी बोली लावली की पत्ते टाकून देता. जरा धीर धरा, भिडा. हे जेवताना मला वाचून दाखवायचे आणि हसायचे. "माझ्यासारखा माणूस भितो म्हणे! फसवतोय तो." एकीकडे असं म्हणायचे आणि रविवारी मात्र जास्तच भिडायचे. आता वीस-पंचवीस राहू दे, साठातसुद्धा टिकेनात.

आणि त्याच दिवसांत, डॉक्टरीणबाईंनी महिन्याचा कागद बघून गोळी एकदा वाढवल्यावर, चक्कर सुरू झाली. एका सकाळी हे बेसिनला दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे. चेहरा पांढराफटक. "काही नाही, पटकन उठलो," म्हणाले. डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मोजलं, मग ह्यांनी दिलेला कागद बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "इथे ठीक येतंय, पण घरी फारच वाढतंय. काहींचं होतं असं. गोळी आणखी वाढवू या." महिन्यानं पुन्हा चक्कर, पुन्हा तोच कागद, पुन्हा गोळी वाढली. मी घरी येऊन मोठी गोळी तळहातावर ठेवली. ह्यांनी दिव्याखाली धरून बघितली आणि घेतली.

वही मला सापडली ती चष्म्याच्या नादात. हे रविवार सोडून रोज तीन ते पाच वाचनालयात जातात. माझा चष्मा मिळेना, म्हणून ह्यांच्या टेबलाचे खण उपसले, तर ही वही. सरळ दोन रकाने. डावीकडे निळी शाई, उजवीकडे लाल. निळ्यात लिहिलंय, ‘दोन नहिले. समोरची मोठी बोली. मी शेवटपर्यंत गेलो. हरलो.’ त्याच डावाला लालमध्ये, ‘पत्ते टाकून दिले.’ पानामागून पान तसंच. निळं खरं, लाल त्या सल्लागाराला दिलेलं. मी कपाळावर हात मारून घेतला. लेकीनं पदरमोड करून सल्लागार आणून दिला आणि ह्या गृहस्थांनी त्याला पहिल्या दिवसापासून धडधडीत खोटं सांगितलं! तो बिचारा सल्ला देत होता तो दुसऱ्याच कुठल्या भित्र्या माणसाला.

मला हसू आवरेना. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, थांब, तुझ्या नावानं खातं उघडून देते. तू निळे टाइप कर." मग काय, रोज तीन ते पाच मी बसले. एका बोटानं, पण चार दिवसांत सव्वाशे डाव घातले. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, उत्तर आलं. तुम्ही कुणाचंच खरं मानत नाही. शेवटी कुणी मोठी बोली लावली की तुम्हाला ती हूल वाटते आणि तुम्ही भिडता. तुम्ही भिडलात त्यांतल्या दर दहांपैकी आठ वेळा समोरच्याकडे खरंच चांगले पत्ते होते.

मी ते दोनदा वाचलं. म्हटलं, अरे, तुला चार दिवसांत कळलं, मला इतक्या वर्षांत सांगायचा धीर झाला नाही.

वही खणात ठेवताना ती माझ्या हातात उलटी आली. मागच्या बाजूनंही लिहिलेलं होतं. तारीख, सकाळ, संध्याकाळ, प्रेशरचा वरचा आकडा. दोन रकाने, निळा आणि लाल. निळ्यात एकशे बारा, लालमध्ये एकशे बावन्न. निळ्यात एकशे सहा, लालमध्ये एकशे अठ्ठेचाळीस. गेल्या आठवड्यात निळ्यात चौऱ्याण्णव. डॉक्टरीणबाईंकडे जायचा तो कागद लाल रकान्यावरून उतरवलेला होता.

तीन महिने मी माझ्या हातानं त्या गोळ्या देत होते. वाढवलेल्या. ज्या माणसाचं प्रेशर जुन्या गोळीनंच ताब्यात होतं, त्याला. हा माणूस बेसिनपाशी आडवा झाला असता, तर तो माझ्या तळहातावरच्या गोळीनं झाला असता.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी दोन्ही रकान्यांतले आकडे मला वाचून दाखवायला लावले. मग म्हणाल्या, "ती वाढवलेली गोळी आजपासून बंद, फक्त जुनी द्या. आणि सोमवारी नऊला त्यांना घेऊन या."

शनिवारी सकाळी ह्यांनी लहान गोळी दिव्याखाली धरून भुवया उंचावल्या, तेव्हा "डॉक्टरीणबाईंनी बदललीय" एवढंच म्हटलं आणि बाकीचा दिवस मूग गिळून काढला, कसा ते माझं मला माहीत. रविवारी साडेतीनला हे खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले, तेव्हा वही त्यांच्यासमोर आपटली. मागची बाजू वर.

"डॉक्टरला तपासत होतात?"

त्यांनी वही सरळ करून ठेवली. "ती माणसाकडे बघतच नाही. कागद बघते आणि गोळ्या वाढवते. मला तेच बघायचं होतं. आणि बघ, तसंच निघालं की नाही!"

"मग गोळ्या कशाला गिळल्यात?"

"न घेता कसं तपासणार? ती लबाडी झाली असती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि चक्कर?"

"नोंद आहे."

"कुठल्या शाईत?"

मी मग जे तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही मेला असतात आणि मारणारी मी ठरले असते. मला तरी सांगायचं होतं! मलाही तपासत होतात की काय? त्यावर हे अगदी हळू म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू तिला सांगितलं असतंस." खरं होतं ते. म्हणूनच जास्त लागलं. निळ्या डावांचं उत्तर मी छापून आणलं होतं, तेही समोर टाकलं. वाचून म्हणाले, "तू टाइप करताना चुकली असशील."

चार वाजले, स्पर्धा सुरू झाली. मी उठून जाणार होते, पण पाय निघेना. एकटा सोडायचा भरवसा नव्हता. शेजारी स्टूल घेऊन बसले. त्या दिवशी पत्ते असे येत होते की आंधळासुद्धा जिंकला असता. साठ झाले, वीस झाले, आणि पहिल्यांदाच हे शेवटच्या नऊ जणांत पोचले. तिथे ‘गोगलगाय’ असं नाव घेतलेला कुणीतरी होता, सावकाश खेळणारा. ह्यांच्या हातात दोन राण्या. मधल्या पत्त्यांत एक राजा उघडा. गोगलगायीनं सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. त्याच्याकडे दुसरा राजा असेल तर राजांची जोडी वरचढ, म्हणजे हे गेले, नसेल तर ती निव्वळ हूल.

"हूल आहे," हे म्हणाले. "शंभर टक्के."

तीस सेकंदांचं घड्याळ उलटं पळायला लागलं. ह्यांचं बोट माउसवर. पंधरा सेकंद राहिले तेव्हा ते माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मला काय विचारता? आवाज कुठे ऐकू येतोय?" त्यांनी त्या छापील कागदाकडे बघितलं. मग वहीकडे. चार सेकंद उरले असताना त्यांनी राण्या टाकून दिल्या.

चिप्स गोगलगायीकडे गेल्या आणि पुढचे पत्ते वाटायला सुरुवात झाली.

"दाखव ना," हे पडद्याला म्हणाले. "काय होतं, दाखव तरी!"

पण पत्ते टाकून दिल्यावर समोरच्यानं दाखवायचे नसतात. तो खेळाचा नियमच आहे. हे पुढे पाचवे आले, आजवरचा सगळ्यात वरचा नंबर, पण त्याचं काही नाही. संध्याकाळभर एकच. "होता का गं त्याच्याकडे राजा?" मी म्हटलं, "आता नाही कळणार." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मला वाईट वाटलं, आणि मेल्या गोगलगायीचा रागही आला.

सोमवारी नऊला डॉक्टरीणबाईंसमोर ह्यांनी स्वतः वही उघडली. "निळे खरे आहेत," म्हणाले.

बाईंनी वही बघितली, ह्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "कशावरून?"

हे चपापले. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, सांग ना त्यांना." मी काय सांगणार? मी कधी त्या मशीनचा आकडा वाकून बघितला नव्हता. पण ह्यांचा आवाज ऐकला होता. मी म्हटलं, "खरे आहेत, डॉक्टर."

"असतील. पण आता मी माझं मशीन लावणार, चोवीस तास दंडाला बांधून. काढायचं नाही. इथे सही करा."

ह्यांनी सही केली. फायलीत दोन वर्षांपूर्वीची त्यांचीच सही होती. सवयीनं त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि वळण न् वळण ताडून बघितलं. पहिलं अक्षर फाटलं होतं, शेवटचं वळण तर भलतीकडेच गेलं होतं.

"ही मी परत पाठवली असती," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातातून कागद घेतला आणि बाईंकडे दिला. "घ्या डॉक्टर," मी म्हटलं, "माझ्यासमोर केलीय."