दर्शनचा रकाना

पावसच्या विमलाकाकू जपाच्या माळा मोबाईलवर मांडत, आणि ती सवय त्यांना मुलाने लावली होती. दर्शन जहाजावर खलाशी. रजेवर आला की आईशेजारी पाट घेऊन जपाला बसायचा. निघताना त्याने दोघांच्याही मोबाईलवर उघडेल असं एक्सेलचं एक शीट करून दिलं. एक रकाना आईचा, एक त्याचा, कडेला तारीख.

"आई, दोघांच्या माळा सारख्या झाल्या की ओळ आपोआप पिवळी होईल. म्हणजे मी तुझ्या बाजूलाच बसलो होतो असं समज."

काकू आधी माळांचा आकडा घालत, मग तारीख. अकराला अकरा जुळले की ओळ हळदीसारखी उजळायची आणि काकू आतूनच ओरडायच्या, "अहो, आज जुळलं!"

तीन वर्षांपूर्वी ओमानजवळ दर्शन जहाजावरून नाहीसा झाला. पहाटे डेकवर होता, चहाच्या वेळी नव्हता. सोबतचे एवढंच सांगू शकले. त्याचा रकाना रिकामा राहिला. काकू आपला भरत होत्या, पण ओळ पांढरी ती पांढरीच.

यंदा श्रावणात त्यांना ताप भरला. जप झाला नाही. पडल्या पडल्या नुसती तारीख घातली, तर ओळ पिवळी झाली.

काकू ताडकन उठून बसल्या. दुसऱ्या दिवशी मुद्दाम माळ घेतली नाही. पुन्हा पिवळी. तेव्हापासून दिवा लावायच्या, माळेला शिवायच्या नाहीत. "मी गप्प राहिले की दर्शन येतो," म्हणायच्या.

इकडे काकूंच्या यजमानांनी, आप्पांनी, सर्वपित्रीला दर्शनचा विधी ठरवला होता. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तसा.

"अगो, किती अडकवून ठेवशील पोराला?"

"जित्या पोराला जाळायला निघालात तुम्ही!"

शेवटी लेक वेदिका संगमेश्वरहून आली. तिने शीट नीट पाहिलं.

"आई, तू काही लिहिलं नाहीस, दादानेही नाही. रिकाम्याला रिकामं जुळतं, म्हणून रंग येतो."

"शाळेत पोरांना शिकव. मला नको."

वेदिकाने दहा वर्षांनंतरची एक तारीख घातली. ओळ पिवळी झाली. "मग या दिवशीही दादा येऊन गेला?"

काकू त्या न उगवलेल्या दिवसाकडे बघत राहिल्या. "तोवर मी तरी असेन का गो?"

वेदिकाने मोबाईल आईच्या हातात दिला.

काकूंनी ती तारीख पुसली. देवघरात जाऊन चाळीस दिवसांनी माळ हातात घेतली. अकरा माळा पुऱ्या केल्या. मग आजच्या पिवळ्या ओळीत त्यांनी अकरा लिहिले.

रंग गेला. शेजारच्या पाटावरून कुणी उठून गेल्यासारखं त्यांनी वळून पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "भटजींना या म्हणावं. पानं मात्र मीच पुसून देणार."