निळा काढून टाक

दुपारचं जेवण झाल्यावर चारुता थोरल्या बहिणीच्या शेडमध्येच सतरंजीवर आडवी होते. झोपायचं तिच्या मनात नाही. उद्या इथेच अरुंधतीताईच्या शिल्पाचं उद्घाटन आहे. दोन काळे पाषाण, मधे उभी जाड काच, आणि खालून काचेत चढणारा रंगीत प्रकाश. दगड आणि काच ताईने पुरी केली आणि मग ती गेली. प्रकाश चारुताने करायचा ठरला होता. नाटकांचे दिवे करण्यात तिची हयात गेलीय, पण याला तिने अजून हात लावलेला नाही. शेवटी संयोजकांनीच निळा फिल्टर बसवून टाकला. शांत वाटतं म्हणे.

शांत. वर्षभर ताईने आजार लपवला. फोनवर "बरी आहे गं, दगड झाला की ये" एवढंच. चारुताला कळलं ते सगळं संपल्यावर, शेजारणीकडून.

पापण्या जड होतात. शेडची भिंत पातळ होत जाते आणि पलीकडे लहानपणचं स्वयंपाकघर दिसतं, दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधलं. ओट्यावर बसून ताई छिन्नीला धार लावतेय.

"माझ्याशी बोलू नकोस तू," चारुता म्हणते.

"मग आलीस कशाला?"

"मी नाही आले. तू आलीस."

ताई धारेवरून अंगठा फिरवते. ओट्याचा आता हॉस्पिटलातला पलंग झालाय, पण तिचं काम थांबलेलं नाही.

"का नाही सांगितलंस मला? चारूला त्रास नको, असलं काही ऐकवू नकोस. सगळे तेच सांगतात. केवढी सोसणारी होती म्हणून. डोकं फिरतं माझं."

"त्रासाचं काही नव्हतं," ताई म्हणते. "तुझा राग येत होता मला."

"माझा?"

"उशाशी येऊन बसली असतीस, धडधाकट. आणि मग परत तालमीला गेली असतीस. मला ते बघवलं नसतं."

चारुता तिला दोन्ही हातांनी ढकलते. हाताला गार काच लागते. त्या दोघी पाषाणांच्या मधे उभ्या आहेत, एक काचेच्या अलीकडे, एक पलीकडे.

"मी भांडले असते तुझ्याशी," चारुताचा आवाज फाटतो. "तेवढं तरी करू द्यायचंस."

"मग भांड की आता." काचेतून ताईचा हात येतो आणि तिचं मनगट धरतो, दुखेल इतकं घट्ट. "आणि तो निळा काढून टाक. मी काय निवांत मेले?"

चारुता उठते ती तडक शिल्पाकडे जाते. निळा फिल्टर ओरबाडून काढते आणि आपल्या पेटीतला लाल बसवते, रंगमंचावर आग दाखवायला वापरतात तो. बटण दाबते. काचेच्या कडा पेटतात. पाषाण आतून तापल्यासारखे दिसतात.

"घे," ती मोठ्याने म्हणते.

ताईनंतर या शेडमध्ये कुणी दगडाला छिन्नी लावलेली नाही. तरी त्या लाल उजेडात चारुताच्या मनगटावर दगडाच्या भुकटीची चार बोटं उमटलेली दिसतात, आणि आतल्या बाजूला अंगठा.