उपाध्यक्षाच्या जागी घोडा

मी मराठी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आखातात, अजमानला आमच्या शाळेत मराठी नव्हतं, आणि बाबांनी भारतातून येताना कपड्यांपेक्षा कागद जास्त आणले होते. पत्र्याच्या एका ट्रंकेत संपाची, सभांची, निषेधाची पत्रकं. कडा पिवळ्या पडलेल्या, शाई मात्र अजून काळीभोर. बाकीची मुलं 'कमळ, मगर' पासून शिकतात. मी 'कामगार बंधूंनो' पासून सुरुवात केली.

बाबा तरुणपणी इचलकरंजीत एका छापखान्यात खिळे जुळवायचे. दिवसभर लग्नपत्रिका, आणि मालक जेवायला गेला की पत्रकं. मग सायकलवर खळीचा डबा लावून ती भिंतींना चिकटवायची. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की तो डबा मीच धरला होता असं वाटावं. मैदा किती, पाणी किती, सगळं मला पाठ. खळ चुन्याच्या भिंतीला धरते. पत्र्याला, चकचकीत कागदाला धरत नाही, वाळली की पापडासारखी सुटते. हा माणूस माझा बाप आहे, याचा मला तेव्हा केवढा माज होता!

अजमानला त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. दोन मशिनं, तीन कामगार. बिर्याणीच्या हॉटेलांची मेनूकार्डं, लाँड्रीची पावतीबुकं. आणि मग एक दिवस एक गलेलठ्ठ दलाल एक अख्खा देश बॅगेत घालून आला.

तो देश तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. एक मोठा देश फुटला, त्याचे जे तुकडे नकाशावर नवे म्हणून आले त्यांतला एक. नाव सांगत नाही. सांगून फरकही पडत नाही, कारण अशा देशांचे पहिले अध्यक्ष एकाच साच्यातून ओतल्यासारखे असतात. दलालाने आधी या अध्यक्षांचं चित्र छापून घेतलं, प्रत्येक वर्गात लावायला. "गाल और गुलाबी करो, भाई," तो म्हणायचा. सिनेमे बघून त्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. तीन वेळा प्लेट बदलली. शेवटी अध्यक्ष ताज्या डाळिंबासारखे दिसायला लागले तेव्हा त्याचं समाधान झालं.

मग चौथीच्या इतिहासाचं पुस्तक आलं. त्यात एक पानभर फोटो होता. दोन माणसं मिळून नवा झेंडा वर चढवतायत, दोरीला दोघांचे हात. डावीकडे अध्यक्ष, उजवीकडे उपाध्यक्ष. उपाध्यक्षाचा चेहरा खरोखरच चांगला होता, हसरा, थोडा दमलेला. स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यानेच लिहिला होता म्हणे. पुस्तकं छापून झाली, शिवून झाली, खोक्यांत भरायची तेवढी राहिली, आणि दलाल धापा टाकत आला. उपाध्यक्ष तुरुंगात गेला होता.

कारण काय, तर अध्यक्षाची मुदत पाच वर्षं असावी असं त्याने घटनेत लिहायला सांगितलं. अध्यक्षांचं म्हणणं, देश अजून तान्हं बाळ आहे, आणि बाळाचा बाप कुणी पाच-पाच वर्षांनी बदलत नाही. हे दलालाने आम्हाला छातीवर हात ठेवून सांगितलं. मला वाटलं आता बाबा याला दार दाखवतील. बाबांनी विचारलं, "काय करायचं?"

शाळा उघडायला वेळ नव्हता. नवं छापणं शक्य नव्हतं. उपाध्यक्षावर एक चित्र चिकटवायचं ठरलं. कुठलं चित्र? दलालाने बराच विचार केला. "घोडा. हमारे देश में घोडा बहुत है. घोडा किसी के खिलाफ नहीं होता."

शुक्रवारी छापखाना बंद, म्हणून गठ्ठे घरी आले. चकचकीत आर्ट पेपरवर छापलेले घोड्यांचे तुकडे कापून तयार होते. आईने मोठ्या पातेल्यात मैद्याची खळ शिजवली.

"अहो, छापखान्यात डिंकाचं पिंप आहे ना भरलेलं?" आईने विचारलं.

"त्याचा वास बसतो घरात. खळच बरी."

मदतीला मराठी मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी आल्या. हे काका मंडळाचे पहिले अध्यक्ष, आणि सात वर्षांनंतरही पहिलेच. निवडणूक घ्या म्हटलं की गणपती तोंडावर आला म्हणायचे. कुठल्याही महिन्यात. हॉलमध्ये चटई टाकून बसले आणि त्यांनी लगेच खळीचा ब्रश ताब्यात घेतला.

"उपाध्यक्ष हा प्रकारच वाईट हो," ते घोडा लावत म्हणाले. "आपल्या मंडळातसुद्धा पहिल्याच वर्षी काढावा लागला. हिशेब मागत होता."

"तुम्ही त्याच्या जागी कुणाला बसवलंत?" आईने विचारलं.

"तुमच्या वहिनींना."

"म्हणजे घोडीच की!" वहिनी म्हणाल्या आणि सगळे खो खो हसले. बाबाही हसले. ते हसणं मी पुढे कित्येक दिवस विसरले नाही.

मी सोळा वर्षांची होते. मी उभी राहिले आणि बोलले. पत्रकांच्याच भाषेत, कारण मला दुसरी येत नव्हती. इतिहास पुसणाऱ्यांचे हात कोण आहेत, लेखणी विकणारा आणि छापखाना विकणारा यांत फरक काय, असं बरंच काही.

"अरे वा! पुढच्या गणपतीत भाषण ठेवू हिचं," काका म्हणाले. "लहान गटात."

"इट्स जस्ट अ हॉर्स, ताई," माझा धाकटा भाऊ म्हणाला. त्याची बोटं खळीने बरबटली होती आणि तो मजेत होता.

मी बाबांकडे बघितलं. बाकीच्यांची मला पर्वा नव्हती. ट्रंकेतली पत्रकं छापणारा माणूस हाच का, एवढंच मला त्यांच्या तोंडून हवं होतं. बाबा एकेका घोड्याच्या पाठीला अगदी पातळ खळ लावत होते, हळूच ठेवत होते, दाबतही नव्हते. "काम आहे," ते म्हणाले. "बसायचं तर बस."

मी बसले नाही. दिवसभर हात पाठीशी बांधून भिंतीला टेकून उभी राहिले. संध्याकाळपर्यंत घरात दोन हजारांवर घोडे झेंड्याची दोरी ओढत उभे होते. घोड्याला दोरी ओढायला हात कुठले, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला त्या खोलीतल्या एकेकाची शिसारी आली होती, बाबांची सगळ्यात जास्त. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागले. ट्रंक माझ्या खोलीत ओढून आणली. ती ठेवायचा हक्क त्यांना उरलेला नाही, असं मला वाटत होतं.

दोन वर्षं गेली. बारावी झाल्यावर मी छापखान्यात टेबल सांभाळायला लागले, तेही नाइलाजाने. एका सकाळी तोच दलाल आला. आणखी जाड झाला होता. त्याने बॅगेतून चौथीचं पुस्तक काढलं आणि ते पान उघडून टेबलावर ठेवलं.

घोडा नव्हता. उपाध्यक्ष तसाच हसत होता, कपाळावर खळीचा एक पांढरा डाग घेऊन.

"सब घोडे गिर गए, भाई," दलाल म्हणाला. पहिल्याच महिन्यात सुटायला लागले. पोरं पेन्सिलीचं टोक घालून उचकटायची, खाली कोण आहे ते बघायची, आणि घोडे आपसात बदलून घ्यायची. मास्तर रागवायचे आणि स्वतःही बघायचे. मी बाबांकडे बघितलं. आता दलाल त्यांच्याशी भांडणार, असं मला वाटलं. पण दलाल खुशीत होता, कारण आता तोच उपाध्यक्ष अध्यक्ष झाला होता. पहिला अध्यक्ष देश सोडून पळाला होता.

"नए साहब बोले, बहुत अच्छा चिपकाया था. अब वही घोडा दूसरे आदमी पर."

"मुदतीचं काय झालं?" मी मध्येच विचारलं. "पाच वर्षं लिहिली का घटनेत?"

त्याने माझ्याकडे प्रेमाने बघितलं. "बेटी, देश अभी बच्चा है."

बाबांनी चष्मा पुसला. "हबीबी, घोडे खलास."

"तो छाप दो."

"मशीन बंद है."

त्यांच्या पाठीमागे मशीन खडखडत पानं बाहेर फेकत होतं. दलालाने ते ऐकलं, बाबांकडे नीट बघितलं, हसला, पुस्तक बॅगेत टाकलं. "यल्ला, चलो," म्हणाला आणि पलीकडच्या गल्लीतल्या छापखान्यात गेला. तिथे डिंक चांगला मिळायचा.

तो गेल्यावर मला एकदम कळलं. आर्ट पेपर, पातळ खळ, न दाबता ठेवलेले घोडे. सगळं मला पाठ होतं आणि त्या दिवशी एकही गोष्ट मला दिसली नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"खळ धरणार नाही ते."

"तुला लहानपणापासून सांगत आलोय, कशाला धरते, कशाला नाही." त्यांनी माझ्यापुढे एका मेनूकार्डाचं प्रूफ सरकवलं. "यातल्या चुका बघ. मागच्या वेळी कोळंबी दोनदा पडली होती."

ते दोघे अध्यक्ष, तो दलाल, आमचे मंडळाचे काका, यांच्याबद्दल माझं मत आजही तेच आहे, आणि ते बदलण्यासारखं त्यांनी काही केलेलं नाही. पण त्या शुक्रवारची गोष्ट मी मैत्रिणींना फार अभिमानाने सांगत आले होते. भर हॉलमध्ये मी एकटी उभी राहिले, एकाही घोड्याला हात लावला नाही. ते खरंच आहे. काकांनी, वहिनींनी, माझ्या आठ वर्षांच्या भावाने लावलेले घोडे दूरच्या देशातल्या पोरांनी उचकटले आणि खालचा माणूस बघितला. माझा त्यांत एकही नव्हता.

त्या संध्याकाळी मी ट्रंक परत हॉलमध्ये नेऊन ठेवली. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पाय वर घेतले, मला जागा करून दिली, आणि पुन्हा वाचू लागले.