मामाच्या नावाची घागर

चिचगडच्या दुर्पताबाईची लग्नातली पितळी घागर चोरीला गेली. चोर सापडला, पण तिनं तक्रारच दिली नव्हती, म्हणून घागर ठाण्यात बेवारस पडून राहिली. तिच्यावर ‘चैतराम’ कोरलेलं, आणि पोलीस गावोगाव चैतरामला हुडकत बसलेले! आंदणाच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं, हे बाहेरगावच्या साहेबाला कोण सांगणार? कोतवालाकडून कळताच दुर्पताबाई आंदणातलाच गडवा, म्हणजे तांब्या, घेऊन ठाण्यात पोचली. तेच नाव, तीच कोरणी.

"चैतराम माहा मामा. मेलेल्या माणसाले कायले शोधून राहिले?"

साहेब हसले आणि घागर तिच्यापुढे ठेवली. तिचे डोळे भरले. तिथल्याच हापशीवर तिनं घागर घासली, भरली आणि अख्ख्या ठाण्याला पाणी पाजलं.

"प्या बाप्पाहो. तुमच्यानं माहा मामा घरी येऊन राहिला."